सात खणांची डबी

दर रविवारी चर्चमधली मिस्सा आटोपली की युफेमिया भावाच्या घरी जाई आणि त्याच्या आठवड्याच्या गोळ्या डबीत भरून ठेवी. सात खणांची निळी डबी, प्रत्येक खणाला सकाळचा एक आणि संध्याकाळचा एक असे दोन कप्पे. हे काम तिला कोणी सांगितलं नव्हतं, आणि तिच्या हातून काढून घ्यायची कोणाची छातीही नव्हती. लोस ओहितोस गावातल्या औषधाच्या दुकानात तिने सव्वीस वर्षं काढली होती. दुकान बंद पडून नऊ वर्षं झाली तरी गाव अजून बाटल्या घेऊन तिच्याच दारात येई. ती चष्मा नाकावर ओढून वाचे, डॉक्टरांना दोन शेलक्या शिव्या घाली आणि काय गिळायचं, काय नाही ते सांगे. आपल्याइतकं या खोऱ्यात कोणाला कळत नाही, याबद्दल तिला कधी शंका आली नव्हती.

मार्चमधल्या एका रविवारी डबीशेजारी नवी बाटली दिसली. युफेमियाने नाव वाचलं आणि तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"हे काय आणलंस?"

"वाचता येतं ना तुला?" बेलार्मिनो तोर्तियाच्या तुकड्याने वाडग्यातला घेवडा पुसून खात होता. "छातीत फडफड व्हायची म्हणून दवाखान्यात गेलो. हृदयाचा ताल चुकतोय म्हणाले. आत गुठळी होईल आणि डोक्यात जाऊन बसेल, म्हणून रक्त पातळ करायची गोळी दिली. सकाळ-संध्याकाळ."

"आणि डोक्यातल्या तुतीचं सांगितलंस?"

बेलार्मिनोने खिडकीतून अंगणात पाहिलं. त्याची बायको लुदिविना कोंबड्यांना दाणे टाकत होती.

"आवाज खाली घे," तो म्हणाला.

तुती हे त्यांच्या घरातलं नाव. मेंदूतल्या बारीक रक्तवाहिन्यांचा तुतीच्या फळासारखा घोस होतो, त्याच्या भिंती पातळ असतात, कधी नुसता पाझरतो तर कधी फुटतो. न्यू मेक्सिकोच्या उत्तरेकडच्या त्या डोंगरांत हे दुखणं कुणा एका जुन्या पूर्वजापासून कितीतरी घरांत उतरलेलं आहे, आणि आई किंवा बापाकडे असलं की मुलांतल्या निम्म्यांच्या वाट्याला येतं. युफेमियाचे आजोबा शेतात कोसळले. मामा लग्नात नाचता नाचता गेला. आई गुडघ्यासाठी कसलीशी गोळी घेत होती, ती चौथ्या आठवड्यात स्वयंपाकघरात पडली ती उठलीच नाही. दवाखान्याने कागदावर ब्लडप्रेशर लिहिलं. दोष गोळीचाच, असं युफेमियाने मनाशी ठरवून टाकलं आणि पुन्हा कोणाला विचारलं नाही.

बाहेर मात्र याची वाच्यता नव्हती. बेलार्मिनोच्या मागणीच्या दिवशी लुदिविनाच्या बापाने भर बैठकीत विचारलं होतं. तिकडे मागणीला दोन्ही घरची माणसं समोरासमोर बसतात आणि ज्याला जे विचारायचं ते त्याच दिवशी विचारून घेतो. म्हातारा एलिसेओ म्हणाला, "तुमच्या घरात डोक्याचं काही आहे का? असेल तर आत्ता सांगा." बेलार्मिनोच्या आईने सान आंतोनियोच्या लाकडी मूर्तीवर हात ठेवला आणि 'नाही' म्हणाली. युफेमिया बडीशेपेच्या बिस्कोचितोंचं ताट घेऊन शेजारीच उभी होती. तिने मूग गिळले आणि ताट पुढे केलं.

त्याला एकतीस वर्षं झाली. सहा वर्षांपूर्वी बेलार्मिनोचा गाल आठवडाभर बधिर झाला, तेव्हा युफेमियाच त्याला आल्बुकर्कीला घेऊन गेली, जिथे त्यांना ओळखणारं कोणी नव्हतं. मेंदूचा फोटो काढला. नऊ तुत्या. तिथल्या डॉक्टरने एक कागद लिहून दिला आणि तो कायम खिशात ठेवायला सांगितला. बेलार्मिनोने तो गाडीपाशी पोहोचायच्या आत चुरगाळून फेकला. युफेमियाने उचलून, सरळ करून आपल्या पर्समध्ये जपमाळेखाली ठेवला.

"उद्या दवाखान्यात फोन करून सांग," ती आता म्हणाली. "नाहीतर मी करते."

"कर की. मग ते माझ्या कागदावर चढेल आणि शाळेच्या बसचा परवाना जाईल. बावीस वर्षं बस चालवतोय, दोन उरलीत. आणि लुदिविनाला काय सांगू? माझी आई तुझ्या बापाशी देवाला हात लावून खोटं बोलली म्हणून? तूच सांग ना. ताट तुझ्याच हातात होतं."

"मर मग. मरताना माझ्या नावाने हाका मारू नकोस."

"मेलो तर तुझ्या तोंडातून सुटेन, तेवढीच कमाई." त्याने वाडगा ढकलला. "मी गोळी घेणार, बस चालवणार, आणि तू गप्प बसणार. तुझं दुकान बंद झालंय, युफेमिया. तू डॉक्टर नाहीस. कधीच नव्हतीस. खोकी लावायचीस तू तिथे."

हे शेवटचं वाक्य तिला असं झोंबलं की ती पर्स उचलून चालती झाली.

पुढच्या रविवारी ती पर्समध्ये जीवनसत्त्वाच्या गोळ्या घेऊन गेली. तशाच गुलाबी, तशाच लांबट. बेलार्मिनो गोळीकडे बघून गिळणारा माणूस नव्हता. तिने डबीचे चौदा कप्पे भरले आणि खऱ्या चौदा गोळ्या रुमालात बांधून घरी आणल्या. आईला वाचवता आलं नाही, याला मरू देणार नाही, असं ती रस्ताभर स्वतःला सांगत होती. ते खरंच होतं. पण त्याची जिरवल्याचा आनंदही झाला होता, आणि तोही काही कमी नव्हता.

त्याच आठवड्यात मारिसेलाचा फोन आला. मारिसेला म्हणजे बेलार्मिनोची एकुलती एक मुलगी, आल्बुकर्कीला राही, पाचवा महिना चालू होता. युफेमिया तिची धर्ममाता, म्हणून ती तिला नीना म्हणे.

"नीना, माझं प्रेशर वाढतंय म्हणून डॉक्टरने रोज एक छोटी ॲस्पिरिन घ्यायला सांगितलीय. घेऊ ना गं? तुला विचारल्याशिवाय मला गिळवतच नाही."

युफेमियाला 'नको' म्हणायचं होतं. पण हिला का आणि कशासाठी ते सांगायचं म्हणजे आई, मूर्ती, ताट, सगळंच सांगायचं. शिवाय निम्म्यांनाच तर होतं. बेलार्मिनोला आहे म्हणून पोरीला असेलच असं कुठे?

"डॉक्टरने सांगितलंय तर घे," ती म्हणाली आणि आठवडाभर स्वतःवरच धुमसत राहिली. तो राग तिने येणाऱ्या-जाणाऱ्यावर काढला.

एप्रिलमध्ये पाट साफ करायचा शनिवार आला. पाण्यात ज्याचा वाटा आहे त्या प्रत्येक घराने त्या दिवशी एक फावडं पाठवायचं असतं. बाकीच्या बायका भाडोत्री माणूस पाठवत. युफेमिया त्रेसष्टाव्या वर्षीही स्वतः यायची. पाटकरी ओनेसिमो पाटाच्या काठावर उभा राहून काठीने प्रत्येकाला आपापला टप्पा मोजून देत होता.

"युफेमियाबाई, तुम्ही फावडं उचलताय की फावडं तुम्हाला?"

"तू पोट उचल आधी. त्याच्याखाली पाट आहे की नाही ते कळेल तरी."

माणसं हसली. बेलार्मिनो हसला नाही. तो बहिणीपासून सहा पावलांवर गाळ काढत होता, आणि त्या भांडणापासून दोघं एकमेकांशी एक शब्द बोललेली नव्हती. डबी भरायला ती आली की तो परसात निघून जायचा.

दहाला वीस मिनिटं कमी असताना त्याच्या उजव्या हातातून फावडं सुटलं. तो ते उचलायला वाकला आणि त्याला उचलता येईना. ओनेसिमोने काहीतरी विचारलं. बेलार्मिनोने उत्तर दिलं, पण तोंडातून नुसता लगदा बाहेर आला.

"सकाळी सकाळीच लावलीस काय रे?" पलीकडून कोणीतरी ओरडलं आणि पुन्हा हशा झाला.

युफेमियाने त्याच्या तोंडाकडे पाहिलं. उजवी बाजू खाली ओघळली होती. तिने घड्याळ पाहिलं, मग हसणाऱ्याच्या अंगावर फावडं भिरकावलं आणि ओरडली, "गाडी आणा, मुडद्यांनो!"

शहरातल्या इस्पितळात पोहोचायला चाळीस मिनिटं लागली. लुदिविना नवऱ्याचं डोकं मांडीवर घेऊन मागे बसली होती. ती माणसांसाठी कॉफी घेऊन पाटावर आली होती आणि किटली अजून तिच्या हातातच होती. युफेमिया पुढे बसून मनात एकच हिशेब करत होती. तुती फुटली असेल तर माझी चूक नाही, कारण मी गोळी थांबवली होती. आणि फुटली नसेल तर?

फुटली नव्हती. डॉक्टर व्हिटलो नावाची एक तरुण बाई होती, कुठल्या तरी लांबच्या राज्यातून वर्षभरापूर्वी आलेली. तिने मेंदूचा फोटो पाहिला आणि भराभर सांगितलं.

"घाईच्या फोटोत बारीकसारीक दिसत नाही, पण ताजा रक्तस्राव नाही. गुठळी जाऊन अडकलीय, डाव्या बाजूला. ती विरघळवायचं इंजेक्शन आहे आणि आपण वेळेत आहोत. पण यांच्या कागदावर रक्त पातळ करायची गोळी दिसतेय. शेवटची कधी घेतली?"

"आज सकाळी," लुदिविना म्हणाली. "मी स्वतः पाहिलंय. एक दिवस चुकवत नाहीत."

"मग इंजेक्शन देता येणार नाही. त्यावर हे दिलं तर रक्त थांबायचं नाही."

युफेमिया भिंतीला टेकून उभी होती. भाऊ पलंगावर पडून तिच्याकडेच बघत होता. तोंड वाकडं होतं, पण डोळे शाबूत होते आणि त्यांना सगळं कळत होतं.

"त्याने घेतलेली नाही," युफेमिया म्हणाली.

"घेतलीय," लुदिविना म्हणाली. "कोमाद्रे, मी सांगतेय ना."

"ती जीवनसत्त्वाची गोळी होती. वीस दिवस मीच बदलून ठेवतेय. खऱ्या माझ्या घरी रुमालात आहेत. आज सकाळची धरून चाळीस चुकल्यात."

लुदिविनाने हातातली किटली जमिनीवर आदळली आणि ती युफेमियाच्या अंगावर धावली. मुलीची धर्ममाता म्हणून जिला तीस वर्षं तिने 'कोमाद्रे' या आदराच्या नावाशिवाय हाक मारली नव्हती, तिच्या झिपऱ्या तिने मुठीत धरल्या.

"चेटकिणी! तू माझ्या नवऱ्याला मारलंस! त्याचं बोलणं खटकलं म्हणून मारलंस!"

नर्सने दोघींना वेगळं केलं. डॉक्टर व्हिटलोने तिकडे पाहिलंही नाही. तिने एकदाच विचारलं, "नक्की? वीस दिवस एकही गोळी नाही?" युफेमियाने मान डोलावली. "मग देता येईल," डॉक्टर म्हणाली आणि इंजेक्शन तयार करायला सांगितलं.

युफेमियाला वाटलं, संपलं. केलेलं पाप कबूल केलं, केस उपटून घेतले, आता हे इंजेक्शन देतील आणि तो उठून बसेल. वाटलं खरं, पण एक श्वासभरच. रक्त पातळ करणाऱ्या साध्या गोळीला ती घाबरली होती आणि हे तर गुठळीच विरघळवणारं. नऊ तुत्या. ती पलंगाजवळ गेली.

बेलार्मिनोला कळलं. त्याने डाव्या हाताने तिचं मनगट असं आवळलं की हाड दुखलं. त्याने मान डावीकडे हलवली, उजवीकडे हलवली. नको. परवाना, बायको, तीस वर्षांचं घर, सगळं त्या एका नकारात होतं. आजवर त्याने तिच्याकडे इतकं काकुळतीला येऊन काही मागितलं नव्हतं.

"सोड," ती त्याला म्हणाली. त्याने सोडलं नाही. तेव्हा त्याच्या हातासकट ती डॉक्टरकडे वळली. "थांबा. याच्या डोक्यात तुत्या आहेत. रक्तवाहिन्यांचे घोस. नऊ. आमच्या घरातच आहे ते. आईला होतं, आजोबांना होतं. याने सगळ्यांपासून लपवलंय आणि मी साथ दिलीय."

मोकळ्या हाताने तिने पर्स उपडी केली. जपमाळ घरंगळली. तो चुरगाळलेला कागद डॉक्टरने उचलला आणि वाचता वाचता तिचा चेहरा उतरला. सुई धरलेल्या नर्सला तिने हाताने थांबवलं.

"हे तुम्ही वाचलं होतं?" तिने विचारलं.

"मीच तर जपून ठेवलंय."

"मग हे काय लिहिलंय?" डॉक्टरने बोट ठेवून मोठ्याने वाचलं. "'रक्त पातळ करणारं किंवा दुखणं थांबवणारं कोणतंही औषध आम्हाला विचारल्याशिवाय सुरू करू नये, आणि सुरू असलेलं आम्हाला विचारल्याशिवाय बंद करू नये.' बंद करू नये, बाई. यांच्यासारखी काही माणसं डॉक्टरांच्या नजरेखाली ती गोळी घेतातसुद्धा. फोन करायचा होता नुसता. एक फोन!"

सव्वीस वर्षं दुसऱ्यांच्या चिठ्ठ्या वाचणाऱ्या युफेमियाने ते वाक्य सहा वर्षांत पन्नासदा वाचलं होतं आणि दर वेळी अर्ध्यावर थांबली होती. तिला हवं तेवढं त्या अर्ध्यात होतं.

भिंतीवरच्या पडद्यावर आल्बुकर्कीचा मेंदूचा डॉक्टर आला. त्याने इंजेक्शन नको म्हणून सांगितलं. मांडीतल्या नसेतून तार घालून गुठळी ओढून काढू, हेलिकॉप्टर पाठवतो, म्हणाला. बेलार्मिनोला नेताना त्याची बोटं नर्सला एकेक करून बहिणीच्या मनगटावरून सोडवावी लागली.

लुदिविना एका खुर्चीवर बसली होती. तिने तुत्यांचं ऐकलं होतं. जमिनीवरून उचललेली किटली तिच्या मांडीवर होती, आणि ती युफेमियाकडे बघत नव्हती.

गुठळी निघाली. बेलार्मिनो वाचला. आल्बुकर्कीच्या इस्पितळात चौथ्या दिवशी त्याच्या उजव्या हाताची दोन बोटं हलली आणि पाचव्या दिवशी शब्द फुटू लागले. युफेमिया दाराशी आली तेव्हा तो बराच वेळ ओठ जुळवत राहिला. ती पुढे झाली, ऐकायला वाकली.

"बा-हेर," तो म्हणाला. मग आणखी जोर लावून, "हो."

ती बाहेर झाली. त्याच्या जागी तिनेही तेच म्हटलं असतं. परवाना रद्द करायचा कागद आदल्या दिवशीच सरकारी कचेरीत गेला होता. बस आता दुसरा कोणी चालवत होता. जगला हे खरं, आणि तिने जे केलं त्यामुळे आजारी पडला आणि तिने जे सांगितलं त्यामुळे वाचला हेही खरं, पण यातलं काहीही त्याच्या तोंडून ऐकायला मिळणार नव्हतं.

लुदिविना व्हरांड्यात फोन कानाला लावून उभी होती. युफेमियाला पाहून तिने फोन छातीशी दाबला.

"मारिसेला खाली गाडी लावतेय. तिला अजून मी काही सांगितलेलं नाही. बापाला झटका आला एवढंच माहीत आहे तिला." तिचा आवाज कोरडा होता. "आत्ता विचारलं तिला, काही औषध चालू आहे का. रोज ॲस्पिरिन घेते म्हणाली. तिच्या नीनाने घे म्हटलं म्हणून."

युफेमियाने जिन्याकडे पाहिलं.

"भावाची गोळी चोरलीस. मुलीची चालू ठेवलीस. कोणत्या तोंडाने गं? तिच्या बाप्तिस्म्याला तिला हातांवर घेऊन तू काय शपथ घेतली होतीस?" आजवर 'कोमाद्रे, तुम्ही' म्हणणाऱ्या बाईने तिला दुसऱ्यांदा अगंतुगं केलं आणि फोन तिच्या हातात कोंबला. "माझ्या बापाला तुझी आई खोटं बोलली. माझ्या मुलीला तू खरं सांगायचं. आत्ता. मी इथेच उभी आहे."

फोन गरम झालेला होता.

"आई? अगं बोल ना," मारिसेला पलीकडून म्हणत होती.

"मी आहे. नीना." युफेमियाने भिंत धरली. "नीट ऐक. ती ॲस्पिरिन. आपल्या मनाने बंद करायची नाही आणि विचारल्याशिवाय पुढची घ्यायचीही नाही. वर यायच्या आधी तुझ्या डॉक्टरला फोन कर. सांग की माझ्या बापाच्या घरात मेंदूतल्या रक्तवाहिन्यांचं दुखणं आहे, वडलांच्या डोक्यात नऊ घोस आहेत, माझ्या असतील तर माहीत नाही. मग तो सांगेल तसं कर. माझं ऐकू नकोस. या बाबतीत माझं कधीच ऐकू नकोस."

गाडीचं इंजिन बंद झाल्याचा आवाज आला.

"नीना, मी तुला विचारलं होतं," मारिसेला हळूच म्हणाली. "मी फोन करून विचारलं होतं तुला. तेव्हा तुला हे माहीत होतं?"

"हो."

"कधीपासून?"

लुदिविना समोर हाताची घडी घालून उभी होती. तिने बोलणं ऐकलं नव्हतं, पण प्रश्न ओळखला होता.

"तू जन्मायच्या आधीपासून," युफेमिया म्हणाली.

फोन चालू होता, गाडीत मारिसेला श्वास घेत होती, ते ऐकू येत होतं. युफेमिया तो तसाच कानाला धरून उभी राहिली, कारण ठेवायचा की नाही हे ठरवणं आता तिच्या हातात नव्हतं.